अडतीसवर थांबले

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या अख्ख्या वाल्येवो गावाला ठाऊक आहे, तेव्हा ते आधीच कबूल करून टाकते. सत्तावीस वर्षं मी लोकांना विजेचे झटके देतेय, पण माणसं झटक्याला भीत नाहीत एवढी माझ्या तोंडाला भितात. त्या चार दिवसांत तर मी कुणाशीच धड बोलले नाही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही.

माझं काम सोपं करून सांगते. हातापायातल्या नसेला कातडीवरून झटका द्यायचा, पुढचा स्नायू किती जोरात उडतो ते पडद्यावरच्या लाटेवरून मोजायचं. मग बारीक सुई स्नायूत घालून, तो निवांत असताना आत काही तडतड चालली आहे का ते स्पीकरवर ऐकायचं. नस शाबूत आहे, मरतेय, की नुसती मध्येच कुठेतरी अडलीय, हे सांगायचं. पुढचं औषधपाणी दुसऱ्यांचं.

आणि स्तोयांका, म्हणजे आमची स्तोया, गेली एकोणीस वर्षं माझे केस कापते. कोलुबारा नदीच्या पुलाजवळ तिचं पार्लर आहे, तीन खुर्च्यांचं. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालते तिची. माझा नवरा मला सोडून गेला तेव्हा तिने मला दोन तास खुर्चीतून उठू दिलं नव्हतं. केस कापून कधीच झाले होते, तरी बाई माझ्या डोक्याशी काहीतरी करतच होती. त्यामुळे ती माझी कोण, असं विचाराल तर मला एका शब्दात सांगता येणार नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझ्या कानाशी तिची कात्री हातातून सुटली आणि माझ्या मांडीवर पडली. मी तिचा उजवा हात धरला. अंगठ्याच्या बुडाशी जिथे गुबगुबीत मांस असायला हवं, तिथे खळगा.

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून? मान सरळ ठेव."

"स्तोया, मी काय विचारतेय?"

"ईस्टरपासून," ती आरशात बघत म्हणाली. "दुखत नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. नुसता जोर जातो. वय झालं गं, दुसरं काय."

चोपन्न वर्षांची बाई, वय झालं म्हणे! पण मी तिचा हात सोडला नाही. न दुखता, मुंग्या न येता स्नायू वाळतो, तेव्हा आमच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे तो आजार, ज्यात हात जातो, मग पाय, मग जीभ, मग श्वास, आणि सगळं दोन-तीन वर्षांत आटोपतं. दुसऱ्यात मज्जा शाबूत असते, फक्त नस वाटेत एखाद्या ठिकाणी अडलेली असते. त्यावर सलाईनमधून द्यायचं औषध आहे, आणि हात परत येतो. वरून बघायला दोन्ही सारखेच. फरक दाखवायला माझं मशीन.

तिलाही हे माहीत होतं. तिच्या गल्लीतला पोस्टमन याच पहिल्या आजाराने गेला होता, शेवटी त्याची दाढी करायला तीच जायची.

ओळखीच्या माणसाची तपासणी आपण करू नये असं म्हणतात. वाल्येवोत राहून दाखवा मग! इथे मी ज्याला ओळखत नाही असा पेशंट फक्त परगावाहून येतो. तिला दुसरीकडे पाठवायला हवं होतं, हे आता कळतं. पण ती म्हणाली, "तूच कर. परक्याने सांगितलं तर मी तिथेच पडेन." मी गुरुवारी सकाळची वेळ दिली.

आमच्या खोलीत कामाची एक पद्धत आहे. मी लाटेकडे बघते, आणि सिस्टर रोसा करंटचा आकडा मोठ्याने म्हणते. कारण झटका अपुरा असला तर नसेतले सगळे तंतू जागे होत नाहीत आणि लाट खोटीच लहान दिसते. म्हणून लाट वाढायची थांबेपर्यंत करंट वाढवायचा, आणि थांबल्यावरही आणखी थोडा. प्रत्येक नव्या डॉक्टरला मी हे पहिल्या दिवशी घोकायला लावते. विशेषतः मानेपाशी, हासळीच्या हाडावर, जिथे नस खोल असते आणि झटका भयंकर लागतो.

त्या गुरुवारी रोसा दात काढायला गेली होती.

मी स्तोयाचा हात कोमट पाण्यात धरला, पुसला, अंगठ्यावर इलेक्ट्रोड चिकटवले. गुडघ्यावर, कोपरावर हातोडी मारून पाहिली तेव्हा हात ताडकन उडाला. जो हात वाळतोय तो एवढा उडू नये, उडाला तर लक्षण त्या पहिल्या आजाराचं. ती घाबरलीय म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. किती पटकन सांगितलं मी ते!

मनगटापाशी झटका दिला, लाट आली सहाची. कोपराशी सहा. काखेत साडेपाच. ठीक. मग मानेपाशी. तीसवर तिने ओठ चावला. अडतीसवर किंचाळली.

"बस! बस गं, मारतेस का मला! आई गं!"

आणि मी थांबले. एरवी मी पेशंटला म्हणते, "ओरडा हवं तेवढं, मला ऐकू येत नाही." ते त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पडद्यावर लाट होती दोनची.

दोन! काखेत साडेपाच आणि मानेपाशी दोन. म्हणजे मधेच नस अडलीय. म्हणजे दुसरा आजार. औषध असलेला. माझ्या अंगातून असा काही आनंद गेला की खुर्ची मागे सरकली.

"स्तोया, बघ, बघ इकडे! मानेपाशी लाट लहान आलीय. दुसऱ्या कुणाची लहान आली तर मी तोंड वाकडं करते, पण इथे लहान येणं हेच आपलं नशीब. अडलीय नस. सोडवता येते!"

"म्हणजे ते नाही? पोस्टमनचं?"

"नाही ते."

नाही ते. दोन शब्द. पायाच्या नि जिभेच्या सुया राहिल्या होत्या, त्या मी पुढच्या वेळी म्हणून सोडून दिल्या. तिने माझे तीन मुके घेतले, एक डाव्या गालावर, एक उजव्या, पुन्हा डाव्या, आणि हातात इलेक्ट्रोडच्या वायरी लोंबत असतानाच उठून नाचली. वायरी मशीनमधून उपटल्या गेल्या. मी ओरडलेदेखील नाही.

शुक्रवारी रोसा सुजलेल्या गालाने कामावर आली आणि आदल्या दिवशीचे कागद लावायला बसली. मी कॉफी करत होते.

"डॉक्टर, मानेपाशी किती दिलंत?"

"लिहिलंय ना."

"अडतीस लिहिलंय. आपण तर ऐंशी-शंभरला जातो."

"तिची नस वर आहे. बारीक बाई आहे."

"हो, पण लाट अडतीसला थांबली होती का वाढायची? त्याच्या पुढचं एकही चित्र नाही यात."

"रोसा, तुझा दात काढला की डोकं? बंद कर ती फाईल!"

तिने बिचारीने फाईल मिटली. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, माझा आवाज कधी चढतो ते तिला कळतं. बोलून पश्चात्ताप झाला, पण माफी मागायला तोंड उघडेना. कॉफी उतू गेली. त्यानंतर पाच पेशंट झाले, पाचही जणांवर मी खेकसले. एका म्हाताऱ्याने जाताना दारात टोपी काढून मला म्हटलं, "बाई, देव तुमचं भलं करो, पण लवकर करो."

दुपारपर्यंत गावभर झालं. बेकरीवाली म्हणाली, "स्तोया वाचली म्हणे तुमच्यामुळे!" फार्मसीतली म्हणाली. माझ्या जिन्यात शेजारणीने धरून हातात जॅमची बरणी कोंबली. मी घरी येऊन ओव्हन घासायला घेतला, अर्धा घासला, मग खिडक्या. खिडकी पुसता पुसता रोसाचा आवाज डोक्यात. लाट वाढायची थांबली होती का? मला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर आठवत होतं. थांबली नव्हती. मी थांबले होते.

शनिवारी गाडी काढून दिव्चिबारेच्या डोंगराकडे निघाले, मोकळी हवा खावी म्हणून. अर्ध्या रस्त्यात वळले आणि थेट हॉस्पिटलला. शनिवारी आमचा मजला रिकामा असतो. मशीन लावलं, माझ्याच अंगठ्यावर इलेक्ट्रोड चिकटवले, आणि डाव्या हाताने प्रोब मानेशी दाबला.

माझा हात धडधाकट आहे, बरं का. जॅमची बरणी मीच उघडते. तर या धडधाकट हाताच्या मनगटाची लाट आली दहाची. मानेपाशी अडतीसवर आली चारची.

चार! म्हणजे गुरुवारच्या हिशेबाने माझीही नस अडलेली. मलाही बेलग्रेडला पाठवा औषधाला! मी एकटीच त्या खोलीत मोठ्याने शिवी हासडली. मग करंट वाढवत नेला. साठला डोळ्यांपुढे काजवे चमकले. ऐंशीला मी अशी ओरडले की खालून वॉर्डबॉय विचारायला वर आला. "काही नाही, जा!" म्हटलं. ऐंशीला माझी लाट दहाला टेकली, आणि पुढे कितीही वाढवलं तरी हलली नाही.

यावरून तिचं काही सिद्ध होत नव्हतं. तिची मान खरंच बारीक आहे. तिची नस खरंच अडलेली असू शकते. पण मला ते माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं होतं. हे माझ्या मनातून क्षणभरही जाईना. जेवले का त्या दिवशी? आठवत नाही.

रविवारी स्तोयाकडे स्लावा होती, म्हणजे घराण्याच्या संताचा वार्षिक सण; त्यांचा संताचा दिवस जुर्जित्स. स्लावाला बोलावणं नसतं. एकदा गेलात की दर वर्षी जायचं, न जाणं म्हणजे भांडण. एकोणीस वर्षं गेले, या वर्षी न जायला कारण काय सांगू? दारात मिलोये उभा, तिचा नवरा, बस चालवतो, सहा फूट उंच आणि बोलायला लाजरा. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, आणि पुन्हा तेच. "डॉक्टरीणबाई."

आत तीस माणसं. मेणबत्ती पेटलेली, सणाचा मोठा गोल पाव, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेल्या सारमाचं भांडं, डुकराचं भाजलेलं मांस, बाटल्या. स्तोयाने मला टेबलाच्या टोकाला बसवलं, जिथे मिलोयेचा थोरला भाऊ बसतो. मी नको नको म्हणत होते, कुणी ऐकेल तर शपथ.

"बस तिथे! आज तू नाहीस तर कोण?" ती म्हणाली. "आणि तियानाला सांग तू. माझं ऐकत नाही ती."

तियाना म्हणजे त्यांची मुलगी, एकतीसची, परदेशात ग्राझला नर्स आहे. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, मी नोकरी सोडून परत येणार होते. आईजवळ राहायला. नॉर्वेहून एक बोलावणं आलंय दोन वर्षांचं, उत्तरेला, पार टोकाला. ते मी नाकारलं होतं. आता ही म्हणतेय जा."

"जाणारच!" स्तोया मागून. "औषध घेऊन मी ठणठणीत होणार, आणि ही माझ्या उशाशी बसून काय करणार? माझ्या गिऱ्हाइकांना कंटाळा आणेल. मंगळवारी सही करायची, मी सांगून ठेवलंय."

"मंगळवारी?" मी विचारलं.

"मंगळवारी शेवटची तारीख," तियाना म्हणाली. "मावशी, तुला काय वाटतं? जाऊ ना? तू म्हणशील तसं करेन."

तिने माझ्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. दोन वर्षं. ती टोकाला, आणि इकडे आई. दोन वर्षांनी ती परत आली, तर ती कुणाकडे येईल? माझ्या घशाला सारमा चिकटला. मी खोकले, पाणी प्याले, पाणी नव्हतंच ते, रकिया होती, फळांची कडक दारू, अजून खोकले. सगळे हसले.

तेवढ्यात मिलोये उभा राहिला. या माणसाने आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "पण आज देवाचं नाव घेऊन झालं, आता दुसरं नाव घेतो. डॉक्टरीणबाईंचं, आमच्या विदोसावाचं." त्याने ग्लास माझ्या दिशेने उचलला, डोळे वाहत होते. "सात महिने मी रोज बसमध्ये रडायचो. पॅसेंजर असायचे, म्हणून आवाज न करता."

तीस माणसं उभी राहिली. मीही उभी राहिले, कारण बसून राहणं त्याहून वाईट दिसलं असतं. मग मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि सिंकचा नळ सोडून उभी राहिले. स्तोया मागोमाग आली, हातात रिकामी ताटं.

"काय झालं तुला? परवापासून फोन उचलत नाहीस."

तेव्हाच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. बाहेर मेणबत्ती जळत होती, कुणीतरी गायला लागलं होतं, आणि तिच्या गालांना सात महिन्यांनी रंग आला होता. माझी छाती झाली नाही.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं. "एकदा परत करायचंय. बेलग्रेडच्या डॉक्टरांना औषध मंजूर करायला पूर्ण रिपोर्ट लागतो."

"परत तो मानेचा झटका? मेले!"

"परत तोच."

"बरं. येते. तियानालाही आणते, येताना तिला कोट घ्यायचाय, तिकडच्या थंडीचा." ती ताटं ठेवून माझ्याकडे वळली. "विदा, कागदासाठीच ना?"

"कागदासाठी," मी म्हटलं. दुसरं खोटं. पहिलं तरी नकळत होतं.

सोमवारी आठला मी खोलीत, रोसाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या, डॉक्टर, दात जास्त दुखला होता." मग दोघी दाराकडे बघत राहिलो. बघत कसल्या, मी फेऱ्या मारत होते, रोसा बघत होती.

साडेआठला त्या आल्या. तियाना बाहेर बाकावर बसली, स्तोया आत. कोट काढला, बाही वर केली, आणि खुर्चीवर बसली तोच मी दार लावून बोलायला सुरुवात केली, कारण अजून एक मिनिट थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं.

"स्तोया, कागदासाठी नाही बोलावलं. गुरुवारी मी काम नीट केलं नाही. तू ओरडलीस आणि मी थांबले. करंट पुरा दिला नाही. करंट अपुरा पडला की लाट लहान येते, अगदी चांगल्या नसेचीसुद्धा. मी माझ्या हातावर करून पाहिलं. तेव्हा ती लहान लाट खरी होती की माझ्या भित्रेपणाची होती, मला माहीत नाही. आज बघायचंय."

तिने कोट उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तू मला सांगितलंस, ते नाही म्हणून."

"हो."

"मी माझ्या पोरीला सांगितलं. सासूला सांगितलं. अख्ख्या गावाला सांगितलं! काल माझा नवरा तीस माणसांत रडला, तू तिथे माझा सारमा खात बसलीस!"

"हो."

"हो काय हो! तोंड शिवलंय का तुझं? एरवी तर थांबत नाही ते!"

 तिचं सगळं बरोबर होतं. मला रडायला यायला लागलं, तर तिने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. "रडू नकोस. तुला रडायचा हक्क नाही आज. कर. आणि या वेळी मी कितीही बोंबलले तरी थांबलीस तर तुझे केस भादरेन."

रोसाने इलेक्ट्रोड लावले. मनगट, सहा. कोपर, सहा. काख, साडेपाच. मी प्रोब मानेशी नेला. स्तोयाने मान वळवून पडदा समोर घेतला. लहान यायला हवी हे तिला ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं.

"रोसा, आकडे म्हण."

"तीस," रोसा म्हणाली. लाट आली दीडची.

"अडतीस." दोन.

"पन्नास." स्तोयाने खुर्चीचा हात घट्ट धरला. तीनच्या वर.

"पासष्ट." ती ओरडली. शब्द नव्हते त्यात. लाट साडेचार. माझा अंगठा बटणावरून सुटायला बघत होता, मी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

"ऐंशी." साडेपाचला जराशीच कमी.

"शंभर." साडेपाच.

"पुन्हा शंभर." साडेपाच.

लाट थांबली. काखेत जेवढी, मानेपाशी तेवढीच. नस कुठेही अडली नव्हती. मग मी सुया घेतल्या, ज्या गुरुवारी सोडल्या होत्या. तिच्या नडगीच्या स्नायूत घातली, जो पाय तिच्या मते ठणठणीत होता. "पाय ढिला सोड," म्हटलं. तिने सोडला. स्पीकरमधून तडतड सुरू झाली, डुकराच्या चरबीची च्वार्ची कढईत तळताना होते तशी, आणि थांबेना. जिभेतही तेच. रोसाने आवाज कमी केला.

स्तोयाने मान पुन्हा वळवली. ती पडद्याकडे बघत होती, जिथे मानेची ती मोठी लाट अजून होती.

"मोठी आली," ती म्हणाली.

"हो."

"चांगली लाट आहे ना? मोठी, सुंदर. दुसऱ्या कुणाची आली असती तर तू खूश झाली असतीस."

मी तिच्या समोर स्टुलावर बसले आणि तिचे दोन्ही हात घेतले, एक भरलेला, एक रिता. मी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. काय करता येईल, किती वेळ मिळेल, बेलग्रेडला कुणाला भेटायचं, सगळं.  तिने ऐकलं, मध्ये एकदा म्हणाली, "कात्री डाव्या हाताने शिकायला उशीर झाला म्हणजे." मग बाहेर कॉरिडॉरमध्ये तियाना कुणाशीतरी फोनवर हसली, ते आम्हाला तिघींना ऐकू आलं.

"विदा," स्तोया म्हणाली. "कमी कर ना करंट."

"काय?"

"कमी कर. गुरुवारसारखं. एकदा मला लहान बघू दे."

मी रोसाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मी बटण अडतीसवर आणलं, प्रोब तिच्या मानेशी धरला आणि दाबलं. लाट आली दोनची. स्तोयाने ती डोळे भरून पाहिली.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी दाबलं. दोनची. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला, तेव्हा तिने तो तिच्या वाळलेल्या हाताने हलकेच बाजूला सारला, बाही खाली ओढली, आणि म्हणाली, "आता पोरीला आत बोलाव."